सोका : गाणाऱ्या आणि गाणी निवडणाऱ्या स्त्रिया

ताशा म्हणजे काय हे तुमच्या-आमच्या घरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पण हेच वाद्य सातासमुद्रापलीकडे, कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर आजही जोमाने वाजते आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? तेथे त्याला 'तासा' म्हणतात. ज्या संगीतात आफ्रिकी ठेका आणि भारतीय ठेका एकत्र नांदतात, त्या 'सोका' संगीताची आणि ते गाजवणाऱ्या स्त्रियांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

त्रिनिदाद हे उसाच्या मळ्यांचे बेट. मळ्यांत राबवण्यासाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम करून आणली गेली. १८३४ साली गुलामगिरी रद्द झाली, पण सक्तीची 'उमेदवारी' संपून माणसे खरी मोकळी झाली ती १८३८ मध्ये. मग मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज पहिले करारबद्ध मजूर घेऊन तेथे पोहोचले. १९१७ पर्यंत असे सुमारे १ लाख ४३ हजार लोक गेले. बहुतेक भोजपुरी मुलखातले, काही मद्रासकडचे. प्रत्येकाच्या कागदावर जात लिहिलेली असे. पण भर समुद्रात, दाटीवाटीच्या जहाजावर शिवाशीव पाळणे अवघड झाले. सोबत आलेली माणसे एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणू लागली.

मालकांना या कष्टकऱ्यांचे हात हवे होते, त्यांचे ढोल मात्र नको होते. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन शहरात कार्निव्हलच्या वेळी आफ्रिकी वस्तीतील लोक आणि पोलीस यांची मोठी चकमक झाली. त्यानंतर कायदा करून ढोल वाजवण्यावर बंधने घातली गेली. १८८४ मध्ये सान फर्नांडो येथे भारतीय मजुरांच्या मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि अनेक मजूर प्राणाला मुकले. लोकांनी काय केले? ढोल गेला तेव्हा बांबू आपटून ताल धरला. पुढे डबे आणि तेलाची रिकामी पिंपे ठोकून त्यांतून सूर काढले. जगप्रसिद्ध 'स्टील पॅन' हे वाद्य असे जन्मले.

याच मातीतले जुने गाणे म्हणजे 'कॅलिप्सो'. आपल्याकडचा शाहीर जसा सरकारची आणि सावकाराची हजेरी घेतो, तसा तेथला कॅलिप्सो गायक घेतो. १९७० नंतर मात्र ते गाणे मागे पडेल की काय, अशी भीती वाटू लागली. तेव्हा लॉर्ड शॉर्टी या गायकाने नवी वाट काढली. त्याचे खरे नाव गारफिल्ड ब्लॅकमन. तो स्वतः आफ्रिकी वंशाचा, पण भारतीय शेजाऱ्यांच्या गावात वाढलेला. त्याने कॅलिप्सोमध्ये ढोलक आणि लोखंडी दांडीचे धनताल ही भारतीय वाद्ये मिसळली. १९७३ साली त्याचे 'इंद्राणी' हे गाणे आले आणि सोकाचा ठेका रुजला.

पण या संगीतात स्त्रीचे स्थान कोणते? गाण्यात तिची टिंगल, नाही तर तिच्या रूपाचे वर्णन. स्पर्धेचे नावच मुळी 'कॅलिप्सो किंग', म्हणजे राजा! जणू राणी होणेच नाही. हे चित्र बदलले ते टोबॅगो बेटावर १९४० साली जन्मलेल्या कॅलिप्सो रोझ यांनी. त्या धर्मोपदेशकाच्या कन्या. मुलीने असली गाणी म्हणणे घरी मान्य नव्हते. त्या हटल्या नाहीत. दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या हालांवर त्यांनी 'नो मॅडम' हे गाणे रचले. १९७७ मध्ये कार्निव्हलचा 'रोड मार्च' हा किताब जिंकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९७८ मध्ये त्यांनी मुख्य स्पर्धाही जिंकली आणि संयोजकांना 'किंग' हा शब्द काढून 'मोनार्क' करावा लागला.

१९८७ साली सिंगिंग सँड्रा यांनी, नोकरीच्या बदल्यात बाईकडून नको ती अपेक्षा ठेवणाऱ्या मालकांना गाण्यातून खडसावले. अशी नोकरी नको, इज्जतीने मरू, हा त्या गाण्याचा आशय. त्याच सुमारास दक्षिण त्रिनिदादच्या द्रौपती रामगुनाई यांनी ताशाचा ठेका घेऊन सोका गायला. भारतीय घरातली मुलगी कार्निव्हलच्या मंचावर जाते म्हणून त्यांच्याच समाजातील कर्मठ मंडळींनी आगपाखड केली. पण १९८८ मध्ये त्यांचे 'मिस्टर बिसेसर' हे गाणे सर्वतोमुखी झाले. २००९ मध्ये फे-ॲन लायन्स यांनी पोटात नऊ महिन्यांचे बाळ असताना मंचावर गाऊन सोकाचे मोठे किताब पटकावले. बाळंतपण म्हणजे काय हे जाणणाऱ्या आमच्या भगिनींना याचे मोल सांगायला नको!

आता मुद्द्याची गोष्ट. 'रोड मार्च' किताब कुणाला मिळतो? गोड गळ्याला नव्हे. कार्निव्हलच्या सोमवारी आणि मंगळवारी परीक्षकांच्या ठिकाणांवरून मिरवणुका जाताना जे गाणे सर्वांत जास्त वेळा वाजते, त्याला. पूर्वी ते वादक मंडळी वाजवीत. आता ध्वनिक्षेपकांनी भरलेल्या ट्रकवर डीजे उभा असतो. कोणते गाणे लावायचे, हे त्याचा हात ठरवतो. म्हणजे गायिकेचे नशीबही त्या हातात! आणि हा हात बहुधा पुरुषाचाच राहिला आहे.

डीजेचे काम म्हणजे नुसती कळ दाबणे नव्हे. 'पॉवर सोका' मिनिटाला १६० ठोक्यांच्या आसपास धावतो, 'ग्रूवी सोका' ११०-१२० वर झुलतो. एकातून दुसऱ्यात जाताना ठेका तुटता कामा नये, नाचणाऱ्यांचे पाय अडखळता कामा नयेत. गर्दी दमली की वेग उतरवायचा, मरगळली की चढवायचा. यंत्राची जाण, हजारो गाण्यांची आठवण आणि माणसांची नाडी हे सारे लागते.

या कामात स्त्रिया आल्या त्या सहजासहजी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरचे अनेक लोक पोटासाठी लंडनला गेले. १९५८ मध्ये तेथील नॉटिंग हिल भागात काळ्या लोकांवर हल्ले झाले. तेव्हा त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या संपादिका क्लॉडिया जोन्स यांनी जानेवारी १९५९ मध्ये सभागृहात कार्निव्हल भरवला. त्याच्या पुस्तिकेच्या विक्रीतला काही पैसा त्या दंगलीत अडकलेल्या तरुणांचे दंड भरण्यासाठी ठेवला होता. १९६६ पासून नॉटिंग हिलच्या रस्त्यावर कार्निव्हल सुरू झाला. तेथेच १९८५ साली लिनेट कमला ही अवघ्या १५ वर्षांची मुलगी ध्वनियंत्रापाशी उभी राहिली. त्या कार्निव्हलमधल्या पहिल्या काही स्त्री डीजेंपैकी ती एक. पुढे तो कार्निव्हल चालवणाऱ्या संस्थेच्या संचालक मंडळावरही तिने काम केले.

आज पोर्ट ऑफ स्पेन, लंडन, टोरांटो, न्यूयॉर्क अशा शहरांत स्त्रिया सोका वाजवताना दिसतात. संख्येने त्या अजून थोड्या आहेत. पण त्या आल्या म्हणजे कुणाचे गाणे लोकांच्या कानी पडावे, हे आता केवळ पुरुष ठरवणार नाहीत. ज्या ढोलावर एकेकाळी बंदी होती, त्याचा ठेका आज एका मजुराची नात आपल्या हाताने कमी-जास्त करते, ही आम्हाला लहानसहान गोष्ट वाटत नाही.

बंधू-भगिनींनो, मुलीने गाणे म्हटले की आपण कौतुकाने टाळ्या वाजवतो. उद्या तिने ध्वनिक्षेपकाच्या वायरी जोडायला घेतल्या, यंत्र उघडून पाहिले, तर 'हे मुलींचे काम नव्हे' असे म्हणून तिचा हात मागे ओढू नका. तिला शिकू द्या!