बुलेटचं इंजिन आणि बोअरिंगवाल्याचं बिल

सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, दर आठवड्याला ऑइल ओतावं लागतं आणि किक मारताना पायाला पूर्वीसारखा दाब लागत नाही. जुन्या बुलेटची ही लक्षणं मालकाला आधीच कळलेली असतात, तरी तो मेकॅनिकच्या तोंडून ऐकेपर्यंत थांबतो. मेकॅनिक फार बोलत नाही. 'इंजिन काम निघालंय,' एवढंच म्हणतो आणि पान्याकडे हात नेतो.

ही बुलेट म्हणजे कास्ट आयर्नची, उजवीकडे गिअर आणि डावीकडे ब्रेक असलेली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडातल्या रेडिचची रॉयल एनफिल्ड यांनी मिळून 'एनफिल्ड इंडिया' काढली आणि तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात ही गाडी बनू लागली. रेडिचची कंपनी पुढे बंद पडली, पण आपल्याकडे तेच इंजिन किरकोळ फेरफार होत एकविसाव्या शतकापर्यंत निघत राहिलं. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे ३४६ सीसी. गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे वेगळा जोडलेला, लोखंडी सिलिंडर क्रँककेसवर ठेवलेला, त्यावर हेड. दुरुस्त करत राहावं याच हिशेबाने बांधलेलं यंत्र. शिवाय क्रँककेसवर इंजिन नंबर कोरलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. दुसरं इंजिन आणून बसवलं तर गाडी पळेल, पण पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्याने करायला आरटीओत गेलात की नंबर जुळणार नाही. म्हणून आहे तेच बांधायचं.

मेकॅनिक इंजिन खोलतो आणि बांधतो. मधलं काम त्याच्या गॅरेजात होत नाही, ते बोअरिंगवाल्याकडे जातं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी मशिन शॉप रांगेने आहेत. पुण्यात सुटे भाग घ्यायला लोक नाना पेठेत जातात. तालुक्याच्या गावातही एखादं शटर असतंच. आत एक उभं बोअरिंग मशिन, एक लेथ, भिंतीला टेकवलेले ट्रॅक्टरचे ब्लॉक आणि चहाचे ग्लास.

चांगला बोअरिंगवाला आधी कापत नाही, मोजतो. डायल लावलेला बोअर गेज सिलिंडरमध्ये सोडून वर, मध्ये आणि खाली, दर ठिकाणी दोन दिशांनी मोजतो. झीज सगळीकडे सारखी नसते. वरच्या टोकाला, जिथे पहिली रिंग वळते, तिथे ती सर्वांत जास्त, कारण तिथेच उष्णता भडकलेली आणि ऑइल पातळ झालेलं. नखाने चाचपलं तरी तिथली कड लागते. पिस्टन ज्या बाजूंना रेटला जातो तिथे सिलिंडर गोल राहिलेला नसतो. हे आकडे कळल्यावरच ठरतं की पिस्टन वीसचा लागणार की चाळीसचा, म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाचे वीस हजारांश मोठा की चाळीस. चाळीसला बोअर जवळपास ७१ मिलिमीटरला पोचतो आणि इंजिन ३५६ सीसीचं होतं. दहा सीसी वाढले म्हणून मिरवणारे भेटतात, पण त्याचा खरा अर्थ पुढच्या खेपेला स्लीव्ह घालावी लागणार, एवढाच.

सर्वाधिक पैसा वाया जातो तो इथे. मालक घाईने सिलिंडर बोअर करून घेतो आणि मग बाजारात पिस्टन शोधतो. क्रम उलटा हवा. आधी पिस्टन विकत घ्या, तो सिलिंडरसोबत द्या आणि त्या पिस्टनच्या स्कर्टवर मायक्रोमीटर लावूनच बोअर करायला सांगा. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगतं. पिस्टन आणि सिलिंडरमधला गाळा कमी ठेवला तर पहिल्या चढावर पिस्टन जाम होतो, जास्त ठेवला तर खडखड करतो.

शेवटी होनिंगचे दगड फिरतात आणि भिंतीवर एकमेकांना छेदणारे बारीक ओरखडे उमटतात. रिंगांसाठीचं ऑइल त्यातच थांबतं. पण दगडाची पूडही त्यातच अडकते आणि नुसत्या पेट्रोलने ती निघत नाही. गरम पाणी आणि साबणाने ब्रश मारून धुवावं, मग पांढरा कपडा फिरवावा. कपडा करडा झाला तर पुन्हा धुवावं. हे काम अनेकजण टाळतात. मग नव्या रिंगा लवकरच म्हाताऱ्या होतात आणि दोष पिस्टनच्या कंपनीला जातो.

क्रँकचं काम याहून कसबाचं. क्रँकपिनचे नट सोडून दोन्ही फ्लायव्हील वेगळे करायचे, नवा रॉड आणि त्यातला फ्लोटिंग बुश बसवायचा, परत जोडून डायलचा काटा हलायचा जवळजवळ थांबेपर्यंत तांब्याच्या हातोडीने ठोकत सरळ करायचं. जुने कारागीर हे कानानेही ओळखतात म्हणे. मला मात्र डायलच हवा. बुशला ऑइल पोचवणारी भोकं फुंकून पाहिली नाहीत तर नवा बुशही वाचत नाही. हेडच्या व्हॉल्व्हची परीक्षा सोपी असते. लॅपिंग झालं की पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओता. सीटमधून झिरपलं तर पुन्हा घासायला लावा.

आता बिल. पिस्टन, रॉड किट, व्हॉल्व्ह, गाइड, गॅस्केट यांपुढे बोअरिंग-होनिंगची मजुरी सहसा सर्वांत छोटी असते, आणि घासाघीस मात्र तिच्यावरच होते. बिल फुगतं ते दुसरीकडूनच. 'खोललंच आहे तर क्लचही बघू, साखळीही बदलू' असं म्हणत यादी लांबत जाते. त्यात स्वस्तातला नकली पिस्टन आला तर अख्खं काम पुन्हा करावं लागतं, मजुरी दुप्पट.

तेव्हा सिलिंडर सोडायला जाताना पिस्टन सोबत न्या आणि झीज किती, बोअर किती, गाळा किती ठेवला हे तीन आकडे बिलाच्या मागे लिहून मागा. लिहून द्यायला जो कुरकुर करेल त्याच्याकडे, दर कितीही कमी असला तरी, सिलिंडर ठेवू नका.