आंतरजाल सेवा, घरगुती
निवासस्थानास तांब्याच्या तारेने, प्रकाशीय तंतूने (फायबर) किंवा बिनतारी मार्गाने आंतरजालाशी (इंटरनेट) जोडून देणारी व त्याबद्दल ठराविक मुदतीचे शुल्क आकारणारी सेवा. भारतात विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ती सर्वसामान्यांस खुली केली. १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना या क्षेत्रात प्रवेश मिळाला. मक्तेदारी असेतोवर निवडीचा प्रश्नच नव्हता. आता जाहिरातींतील आकडे ताडून पाहण्याचे काम ग्राहकाच्या माथी आले आहे.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील गारखेडा परिसरातील पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत हा प्रश्न नेहमी उद्‌भवतो. शहरात भारत संचार निगम, जिओ व एअरटेल या देशव्यापी कंपन्यांची सेवा आहे. स्थानिक केबलचालकांमार्फतही जोडण्या मिळतात. तथापि शहरात सेवा असणे आणि विशिष्ट घराच्या दारापर्यंत तंतू पोहोचलेला असणे या भिन्न गोष्टी होत. म्हणून पहिली चौकशी दराची नव्हे, तर आपल्या गल्लीतील खांबापर्यंत कोणाचा तंतू आला आहे याची करावी लागते. परवान्यांचे अ (देशव्यापी), ब (दूरसंचार परिमंडळापुरता) व क (त्याहून लहान क्षेत्रापुरता) असे प्रवर्ग आहेत. जोडणी देणारा स्थानिक इसम पुष्कळदा स्वतः परवानाधारक नसून दुसऱ्या कंपनीचा भागीदार असतो. पावतीवर कोणाचे नाव आहे, हे पाहिल्यास तक्रारीच्या वेळी जबाबदार कोण ते कळते.

वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो, तर धारिकेचा (फाइल) आकार मेगाबाइटमध्ये मोजतात. ८ बिटांचा एक बाइट होत असल्याने १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदास १२·५ मेगाबाइट. १ गिगाबाइटचा चित्रपट उतरवून घेण्यास आदर्श स्थितीत सु. ८० सेकंद लागतात. ‘ब्रॉडबँड’ या शब्दाने मात्र फारसे आश्वासन मिळत नाही. २००४ च्या धोरणात त्याची किमान मर्यादा २५६ केबीपीएस होती व २०२३ मध्ये ती २ एमबीपीएस करण्यात आली.

जाहिरातीतील वेग ही बहुधा वरची मर्यादा असते. प्रचलित जी-पॉन पद्धतीत एका तंतूवरील सु. २·५ गिगाबिट क्षमता ३२ वा ६४ घरांत विभागली जाते. चौसष्ट घरांना प्रत्येकी १०० एमबीपीएस विकले, तर बेरीज ६·४ गिगाबिट भरते. सर्व जण एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, म्हणून हा हिशेब चालतो. खरी अडचण बहुधा पुढे असते : पुरवठादाराने वरच्या कंपनीकडून घेतलेली क्षमता ग्राहकांच्या मानाने तोकडी असल्यास रात्री नऊच्या सुमारास वेग घसरतो. शेजाऱ्याकडे त्याच वेळी, तारेने जोडलेल्या संगणकावर केलेली मोजणी कोणत्याही पत्रकापेक्षा विश्वसनीय ठरते. वायफायवरील मोजणीत भिंतींचा अडथळाही मिसळलेला असतो.

‘अमर्याद’ योजनेलाही न्याय्य वापराची मर्यादा असते. ती ओलांडल्यावर वेग ५१२ केबीपीएसच्या खाली आणू नये, असा निर्देश भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २०१६ मध्ये दिला. परंतु तेवढ्यात मुलांचा दूरस्थ वर्ग नीट चालत नाही. घरून काम करणाऱ्याने तर माहिती वर पाठविण्याचा वेगही विचारावा. कित्येक योजनांत तो उतरण्याच्या वेगाहून बराच कमी असतो.

दरात १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळवावा लागतो. महिना ५०० रु. अशी योजना प्रत्यक्षात ५९० रुपयांना पडते व सहा महिन्यांचे आगाऊ ३,५४० रु. होतात. दीर्घ मुदतीत सवलत मिळते खरी. पण सेवा असमाधानकारक निघाली, तर तेवढी रक्कम अडकून पडते. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने पहिल्या खेपेस एक महिन्याचीच योजना घेणे हिताचे असते, मग ती काहीशी महाग का असेना. बसवणुकीचा आकार, राउटरची अनामत आणि ती परत मिळण्याच्या अटी लेखी घ्याव्यात.

जेथे तंतू ओढणे अवघड असते, तेथे ५-जी लहरींवरील ‘एअरफायबर’ हा पर्याय २०२३ पासून उपलब्ध झाला. नावात फायबर असले, तरी शेवटचा टप्पा बिनतारी असतो. गच्चीवरील ग्राहक-यंत्र कोणत्या दिशेस आहे, यावर त्याचा वेग अवलंबून राहतो. याउलट खांबांवरून ओढलेला तंतू झाडाची फांदी पडून व जमिनीखालचा तंतू रस्त्याच्या खोदाईत तुटतो. वीज गेल्यास घरातील यंत्रही बंद पडते. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडल्यास ते चालू राहते, मात्र पुरवठादाराच्या यंत्रणेलाही बॅटरी असावी लागते.

योजनांचे दर ट्रायच्या संकेतस्थळावर एकत्र पाहता येतात. तक्रार प्रथम पुरवठादाराच्या तक्रार केंद्राकडे नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो व समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. क्रमांकाविना, केवळ तार जोडणाऱ्या मुलाला दूरध्वनीवर सांगितलेली तक्रार या व्यवस्थेत नोंदली जात नाही.