तेरणेच्या काठावरून किनाऱ्याचा मागोवा

उत्तर कोकणच्या बंदरांवर आणि खाड्यांवर अंमल चालविणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. दक्षिण कोकणच्या आणि कोल्हापूरच्या शिलाहारांनीही हेच बिरुद मिरविले. हे तगरपूर म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. समुद्रापासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आत, बालाघाटाच्या मुलुखात, तेरणेच्या काठी वसलेल्या या गावाचे नाव किनाऱ्याच्या धन्यांनी पिढ्यान्‌पिढ्या का जपले याचा उलगडा इतिहासकारांनी करावा. मला मात्र त्या बिरुदामुळे, ज्या जिल्ह्याच्या हद्दीस समुद्राचे पाणी कोठेही लागत नाही तेथे बसून किनाऱ्यांविषयी लिहिण्यास थोडासा वारसाहक्क मिळाल्यासारखे वाटते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वृत्तांतात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. तगराहून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून, भडोचला जात असे. हे तगर कोणते याचा वाद बराच काळ चालला. १९०१ साली जॉन फेथफुल फ्लीट यांनी ते तेरच होय असे साधार दाखविले, आणि पुढे तेथील पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या वस्तूंनी त्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. तेरच्या लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहताना १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या तशाच मूर्तीची आठवण जाणकारांना होते ती उगाच नव्हे.

परंतु त्या ग्रीक लेखकाचे मला अधिक कौतुक वाटते ते त्याने केलेल्या भडोचच्या आखाताच्या वर्णनासाठी. मुखाशी पाण्याखाली दडलेले दांडे आणि उथळ जागा, भरतीच्या वेळी गर्जना करीत नदीत शिरणारा लोंढा, ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या जागांवर रुतून बसणारी गलबते, आणि परक्या जहाजांना सुखरूप आत आणण्यासाठी राजाच्या चाकरीत असलेले कोळी मोठ्या नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जातात ती व्यवस्था, हे सारे त्याने अशा बारकाईने नोंदले आहे की, भूरूपशास्त्र हा शब्दही नसलेल्या काळी एका व्यापाऱ्याने केलेले ते किनाऱ्याचे वर्गीकरणच होय असे म्हणावयास हरकत नाही. धोक्याचा किनारा आणि सोयीचा किनारा, एवढे दोनच वर्ग त्याला पुरेसे होते.

त्याने सोयीची म्हणून सांगितलेली बंदरे मात्र टिकली नाहीत. कोकणातील शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा, जेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरून काढला, ते खाडी गाळाने भरत गेल्यामुळे बंदर म्हणून संपले. केरळातील मुझिरिसची कथा याहून नाट्यमय आहे: १३४१ सालच्या पेरियार नदीच्या महापुराने जुन्या बंदराचे मुख बुजविले, कोचीचे मुख उघडले आणि वैपीन हे वाळूचे लांबट बेट समुद्रातून वर आणले, अशी परंपरा आहे.

अशी बेटे, किनाऱ्याला समांतर, अरुंद, वाळूची, पाठीशी खाजण आणि पुढे उघडा समुद्र असलेली, ज्यांना भूगोलात रोधक बेटे म्हणतात, ती जगाच्या उघड्या किनाऱ्यांच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आढळतात. आणि ती मुळात होतात कशी या प्रश्नाने सव्वाशे वर्षे पंडितांना झुंजविले. १८४५ साली एली द बोमाँ या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने पहिले उत्तर दिले: लाटा उथळ तळावर फुटताना तळाची वाळू ढवळतात, ती फुटण्याच्या जागी साचते, दांडा उंच होत होत पाण्याबाहेर येतो आणि त्याचे बेट होते. उत्तर सुटसुटीत होते, म्हणूनच पुष्कळ काळ चालले.

दुसरे उत्तर देणाऱ्या ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांच्याविषयी मला विशेष आपुलकी आहे, कारण त्यांनी किनाऱ्यांचा अभ्यास समुद्रावर केलाच नाही. अमेरिकेच्या यूटा प्रांतात, महासागरापासून शेकडो मैल आत, हिमयुगातील बॉनव्हिल नावाचे एक प्रचंड सरोवर आटून गेले आहे. त्याचे कोरडे काठ डोंगरांच्या कडेने पायऱ्यांसारखे उघडे पडलेले. जे समुद्रकाठी पाण्याखाली झाकलेले असते ते येथे उन्हात वाचावयास मिळत होते. त्यावरून १८८५ साली त्यांनी मांडले की, तिरप्या लाटा वाळूला किनाऱ्याच्या कडेकडेने पुढे सरकवितात, भूशिराच्या पुढे ती जिभेसारखी वाढत जाते, आणि एखाद्या वादळात ती जीभ तुटली की तुटलेल्या भागाचे बेट होते. पाण्यापासून इतके दूर राहून पाण्याचे काम इतके स्वच्छ समजलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. बालाघाटावरच्या वाचकाने धीर धरावा असे हे उदाहरण आहे.

१८९० साली मॅगी यांनी तिसरा पक्ष मांडला, की समुद्र वर चढताना किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांमागची सखल जमीन बुडते आणि टेकड्यांची रांग तेवढी बेट होऊन उरते. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९६७ मध्ये हॉइट यांनी तोच पक्ष नव्या पुराव्यानिशी उभा केला. त्यांचा युक्तिवाद न्यायाधीशाला शोभेल असा होता: दांडा जर उघड्या समुद्रातच वर आला असेल, तर त्याच्या मागील खाजणाच्या तळाशी कधीकाळच्या उघड्या समुद्राच्या पुळणीचे आणि शिंपल्यांचे थर सापडले पाहिजेत, ते सहसा सापडत नाहीत. पुढच्याच वर्षी फिशर यांनी गिल्बर्टची बाजू घेतली, आणि १९७१ मध्ये श्वार्ट्झ यांनी सांगितले की तिघेही आपापल्या जागी खरे आहेत, एकच कारण शोधण्याचा हट्ट तेवढा खोटा. मधल्या काळात एक गोष्ट सर्वांनाच मान्य झाली होती. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती, ती भराभर चढली, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी तिचा वेग मंदावल्यानंतरच आजचे बहुतेक किनारे आकारास आले. ज्याला आपण अनादी म्हणून नमस्कार करतो तो सागरतट माणसाच्या शेतीहूनही वयाने लहान आहे.

वर्गीकरणाची कहाणीही याच धाटणीची. १९१९ साली डग्लस जॉन्सन यांनी किनाऱ्यांचे बुडालेले, वर आलेले, तटस्थ आणि मिश्र असे चार वर्ग केले, आणि आमच्या शाळांतून आम्ही जे घोकले, की हिंदुस्थानचा पश्चिम किनारा निमज्जित आणि पूर्व किनारा उन्मज्जित, ते याच वर्गीकरणाचे दूरचे अपत्य होय. निमज्जनाचा पुरावा खरोखरच आहे: १८७८ च्या सुमारास मुंबईत प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असता ओहोटीच्या पातळीच्याही खाली, मुळे जमिनीत रुतलेली अशी झाडांची खोडे शेकड्यांनी सापडली. परंतु त्याच कोकणात भरतीच्या रेषेच्या वर, शिंपले आणि वाळू यांचा चुन्याने सांधलेला जो दगड मिळतो, ज्याला लोक करळ म्हणतात, तो उलट साक्ष देतो. एकाच किनाऱ्याच्या दोन साक्षी परस्परविरुद्ध असता पाठ्यपुस्तकाने एकीचीच नोंद घ्यावी, हे मला अजून पटलेले नाही.

पुढे फ्रान्सिस शेपर्ड यांनी १९३७ मध्ये दृष्टीच बदलली. किनारा बुडाला की वर आला हे विचारण्याऐवजी त्याला आजचे रूप कोणी दिले हे त्यांनी विचारले: नदी, ज्वालामुखी, हिमनदी अशा जमिनीकडील शक्तींनी दिले असेल तर तो प्राथमिक, समुद्राने दिले असेल तर दुय्यम. १९५२ साली व्हॅलेंटिन या जर्मन भूगोलज्ञाने पुढे सरकणारे आणि मागे हटणारे असे दोन वर्ग केले. महसूल खात्यातील कोणत्याही जुन्या कारकुनाला हे वर्गीकरण तात्काळ समजले असते, कारण नदीने आणून टाकलेली मळई आणि नदीने वाहून नेलेली जमीन या दोहोंचा हिशेब त्याच्या दफ्तरात असावयाचाच. १९७१ मध्ये इनमन आणि नॉर्डस्ट्रॉम यांनी खंडांच्या हालचालीवरून वर्ग पाडले, तेव्हा उमगले की आपला पश्चिम किनारा म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा भूखंड तुटून गेल्यावर उरलेली कड आहे. सह्याद्री त्या कडेशी उभा आहे, म्हणूनच अरबी समुद्रापासून ऐंशी किलोमीटरांवर उगम पावलेली गोदावरी त्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस सुमारे १,४६५ किलोमीटर चालत जाते.

कोकणात रोधक बेटांची रांग का नाही, हेही यातूनच कळते. नद्या आखूड, गाळ बेताचा, किनारा खडकाळ. शिवाय डेव्हिस यांनी १९६४ मध्ये आणि हेज यांनी १९७९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरांच्या वर गेले की रोधक बेटे सहसा तग धरीत नाहीत. दोन मीटरांच्या आत असले की ती लांबलचक होतात. भडोचच्या आखातात हे अंतर फारच मोठे, मुंबईस उधाणाच्या दिवशी चार मीटरांच्या आसपास, आणि दक्षिणेकडे जावे तसे कमी. म्हणून मालवणजवळ देवबागेला कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची चिंचोळी पट्टी टिकली आहे, तीही लाटांच्या माऱ्याखाली. पूर्व किनाऱ्यावर अंतर थोडे आणि गाळ मुबलक. चिलिका सरोवरापुढचा दांडा, पुलिकत सरोवर अडविणारे आणि आता अग्निबाणांच्या उड्डाणासाठी प्रसिद्ध असलेले श्रीहरिकोटा, आणि काकिनाड्याजवळ गोदावरीच्या मुखापासून उत्तरेकडे गेल्या सुमारे दोन शतकांत वाढत गेलेली ती बेडकीच्या पिलासारखी दिसणारी वाळूची जीभ, जिला होप बेट म्हणतात, ही सारी तिकडची.

येथेच आमचा जिल्हा या कथेत पुन्हा येतो. तेरणा मांजऱ्याला मिळते, मांजरा कंदकुर्तीजवळ गोदावरीला. पश्चिमेकडील सीना आणि दक्षिणेकडील बोरी भीमेवाटे कृष्णेला जातात. जिल्ह्यात पडलेल्या पावसाचा एक थेंबही कोकणात उतरत नाही. तगराचे कापड पश्चिमेच्या समुद्रावर गेले, माती मात्र सदैव पूर्वेच्या. होप बेटाची वाळू आमची आहे असा दावा मी करणार नाही, कारण आमची काळी माती चिकण, हलकी. ती पाण्यात तरंगत मुखाबाहेर दूर जाऊन बसते, आणि वाळू मुख्यतः प्राणहिता, इंद्रावती, शबरी या पूर्वेकडील नद्या आणतात. पण आमच्या मातीची नोंद समुद्रतळाने ठेवली आहे. गोदावरीच्या मुखासमोर काढलेल्या गाळाच्या नमुन्यांवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून दख्खनच्या काळ्या मातीचा त्यातील वाटा ठळकपणे वाढला. हवा कोरडी होत गेली, झाडोरा विरळ झाला आणि शेती पसरली, ही त्याची कारणे. म्हणजे आमच्या पूर्वजांच्या पहिल्या नांगरटीची खबर बंगालच्या उपसागराला होती.

नंतर हिशेब उलटा फिरला. १८५२ साली आर्थर कॉटन यांचा धवळेश्वरमचा बंधारा पुरा झाला, १९३१ साली, धाराशिव निजामाच्या अमलाखाली असताना, मांजऱ्यावर निजामसागर झाला, पुढे पैठणचे जायकवाडी, पोचमपाडचे श्रीरामसागर, आमच्याकडे धनेगावचे मांजरा आणि माकणीचे निम्न तेरणा. १९७० च्या दशकात गोदावरी दरसाल सुमारे १५ कोटी टन गाळ त्रिभुज प्रदेशाशी आणीत असे. १९९० च्या दशकात तो आकडा ६ कोटी टनांच्या खाली उतरला. काकिनाड्याच्या उत्तरेस उप्पाडा गावची घरे आणि रस्ता समुद्र खात आहे. दुष्काळी मुलुखाने धरणे बांधू नयेत असे म्हणण्याइतका मी निर्दय नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला माकणीच्या पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. परंतु धरणाच्या तळाशी साचलेला गाळ कोणाचा, या प्रश्नाला शेतकऱ्याखेरीज दुसरा एक हक्कदार आहे, आणि तो सातशे किलोमीटरांवर राहतो.

आमच्या शाळांच्या भिंतींवर जिल्ह्याचे जे नकाशे टांगलेले असतात त्यांत तेरणेची निळी रेघ हद्दीपाशी पोहोचली की तुटते. शिक्षकांना एवढीच विनंती आहे की, त्या नकाशाशेजारी भारताचा नकाशा टांगावा, आणि मुलांकडून ती रेघ एकदा तरी काकिनाड्यापर्यंत पुरी काढून घ्यावी.