ओळख ब्लॉकचेनची : सामाईक वही कुणाच्या हाती?

एका नोंदीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, पुढच्या नोंदीत गुंफला की साखळी कशी तयार होते, ते आपण मागच्या भागात पाहिलं. जुन्या नोंदीतला एखादा स्वल्पविराम जरी बदलला, तरी हॅश जुळेनासे होतात आणि खाडाखोड उघडी पडते. हा गुण उद्योगधंद्यांच्या कामी कसा येतो, हा आजचा विषय. त्यासाठी बिटकॉइनपर्यंत जायला नको. बँकेचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो, त्यामागे याच घराण्यातलं तंत्र आहे.

नको असलेल्या जाहिरातींचे एसएमएस रोखण्यासाठी ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जुलै २०१८ मध्ये नवे विनियम काढले. जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया, बीएसएनएल या सगळ्या एकमेकींच्या स्पर्धक. कुणाला कोणत्या नावाने संदेश पाठवायची मुभा आहे, ही यादी एकीच्याच ताब्यात दिली तर बाकीच्यांनी तिच्यावर भरवसा का ठेवावा? आणि प्रत्येकीने आपापली यादी ठेवली, तर एका दारातून हाकललेला दुसऱ्या दारातून आत शिरणार. म्हणून ट्रायने ‘डीएलटी’ सक्तीची केली. भिशीच्या हिशेबाची प्रत प्रत्येक सभासदाकडे असावी, तशी ही विखुरलेली खातेवही. ब्लॉकचेन हा तिचाच एक प्रकार.

आता एका ओटीपीचा प्रवास पाहू. बँक आधी स्वतःची नोंदणी करते. मग संदेशावर दिसणारं नाव, म्हणजे हेडर, नोंदवते. त्यानंतर मजकुराचा साचा मंजूर करून घेते : ‘आपला ओटीपी अमुक आहे, तो कुणालाही सांगू नका.’ यातल्या ‘अमुक’च्या जागीच काय तो बदल करता येतो. संदेश निघाला की दूरसंचार कंपनीची यंत्रणा हेडर आणि साचा नोंदींशी ताडून पाहते. या चाळणीला ‘स्क्रबिंग’ म्हणतात. जुळलं तर संदेश पुढे जातो, नाही तर तिथेच अडतो.

८ मार्च २०२१ रोजी ही चाळणी सक्तीने सुरू झाली आणि देशभर ओटीपी अडकले. बँकांचे व्यवहार खोळंबले, लसीकरणाच्या नोंदणीलाही फटका बसला. तंत्र बिघडलं नव्हतं. अनेक संस्थांनी साचे नोंदवलेच नव्हते, किंवा नोंदवले एक आणि पाठवले दुसरे. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ही चाळणी सात दिवसांसाठी थांबवावी लागली.

पुढे भामट्यांनीही वाट शोधली. साच्यातल्या बदलत्या जागेत फसव्या लिंक घुसवल्या जाऊ लागल्या. अखेर १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी मंजूर न झालेली लिंक असलेले संदेश अडवायचं ठरलं. इथे ब्लॉकचेनची मर्यादा नेमकी कळते. नोंद नंतर कुणी बदलली का, हे ती सांगते. नोंद मुळात खरी होती का, हे सांगत नाही. खोटी माहिती साखळीत गेली, तर तीही तितकीच पक्की होऊन बसते.

दुसरं उदाहरण समुद्रावरचं. पूर्व आफ्रिकेतून युरोपला शीतपेटीतून जाणारा साधा माल सुमारे ३० माणसं आणि संस्थांच्या हातांतून जातो, त्यासाठी २०० हून अधिक वेळा कागद आणि निरोपांची देवाणघेवाण होते, असं मर्स्क या जहाज कंपनीला २०१४ मध्ये आढळलं. मग मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ‘ट्रेडलेन्स’ उभं केलं. बंदर, कस्टम्स, जहाज कंपनी, व्यापारी या सगळ्यांनी एकाच खातेवहीत नोंदी कराव्यात, ही कल्पना. २०१९ मध्ये एमएससी आणि सीएमए सीजीएम या बड्या स्पर्धक कंपन्याही आल्या. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रेडलेन्स बंद करत असल्याचं जाहीर झालं. साऱ्या उद्योगाचं सहकार्य हवं होतं तेवढं मिळालं नाही, असं खुद्द मर्स्कने सांगितलं. मला यातला मूळ पेच मालकीचा वाटतो. वही सामाईक म्हणायची आणि ती एका स्पर्धकाच्या घरी ठेवायची, यावर बाजाराचा विश्वास बसणं कठीण.

एसएमएसची वही टिकली, कारण नियम स्पर्धकांपैकी कुणी केले नव्हते; ते नियामकाने केले आणि सगळ्यांना सारखेच लागू केले. ब्लॉकचेनने विश्वासाची गरज संपते, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. विश्वास एका कंपनीवरून उठून नियमांवर आणि नियम करणाऱ्यांवर जातो, एवढंच.

म्हणून तुमच्या कारखान्यात, सहकारी संस्थेत किंवा बाजार समितीत उद्या कुणी ब्लॉकचेन विकायला आलं, तर तीन प्रश्न जरूर विचारा. एकमेकांवर भरवसा नसलेले अनेक पक्ष या वहीत लिहिणार आहेत का? पहिली नोंद खरी आहे, हे कोण तपासणार? नियम बदलायचा अधिकार कुणाकडे राहणार? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर साधा डेटाबेस पुरेसा आहे. तो स्वस्त पडेल आणि वेगानेही चालेल. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं लेखी मिळेपर्यंत सही करू नका.