क्रूझवरचं जेवण: पहिली पंगत की दुसरी?

यवतमाळहून मुंबईला जाऊन क्रूझ पकडणार असाल, तर हे वाचा. अनेक मोठ्या जहाजांवर रात्रीच्या दोन पंगती असतात: साधारण 6 ची आणि साडेआठची. माझं मत दुसरीला. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईच्या समुद्रावर सूर्य 6 च्या सुमारास मावळतो. पहिली पंगत घेतली, तर नेमका तोच देखावा हुकतो. शिवाय आपल्याकडची जेवणाची वेळ आठ-नऊचीच.

लहान मुलं किंवा मधुमेही आजी-आजोबा सोबत असतील, तर पहिलीच बरी. पण सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या जैन कुटुंबांना हिवाळ्यात तीही उशिराची पडते. मुंबईत सूर्य यवतमाळपेक्षा 20 मिनिटं उशिरा मावळतो, तरीही. म्हणून बुकिंग करतानाच लवकर ताट मिळेल का, ते विचारा.