मृत्युपत्रातील देणगी आणि तिच्यावरील व्याज

आमच्या काही देणगीदारांची देणगी त्यांच्या पश्चात, मृत्युपत्राद्वारे आमच्यापर्यंत पोहोचते. ती हाती येण्यास अनेकदा वर्ष-दोन वर्षे लागतात. या मधल्या काळातील व्याज कोणाचे, असा प्रश्न नातेवाईक आम्हांस विचारतात, कधी रोषानेही विचारतात. म्हणून हा खुलासा.

याविषयीचे नियम भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये आहेत. मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्यांच्याकडे सोपविलेली असते त्या एक्झिक्युटरांना, निधनापासून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत कोणतीही देणगी चुकती करण्याची सक्ती नाही (कलम ३३७). मृताची देणी भागवणे, येणी वसूल करणे, घर विकणे या गोष्टींना वेळ लागतो आणि तो देणे न्याय्यच आहे. मात्र मृत्युपत्रात केवळ रक्कम लिहिलेली असून ती देण्याची मुदत दिलेली नसेल, तर वर्ष संपताच त्या रकमेवर व्याज सुरू होते (कलम ३५१). मुदत दिलेली असल्यास ते त्या मुदतीपासून धरले जाते. दर कायद्यानेच ठरविला आहे: मृत्युपत्र करणारी व्यक्ती हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख वा जैन असल्यास द.सा.द.शे. ६, अन्यथा ४ (कलम ३५३). बँकांचे दर या काळात कितीदा वरखाली झाले, परंतु हे आकडे आहेत तेथेच आहेत.

एका प्रसंगाने हे अधिक स्पष्ट होईल. एका निवृत्त शिक्षिकेने गरीब रुग्णांच्या डायलिसिससाठी आमच्या संस्थेस ५ लाख रुपये ठेवले होते. एक्झिक्युटर त्यांचे भाचे होते आणि इतर देणग्या दिल्यावर उरणारी मालमत्ताही त्यांच्याच वाट्याची होती. सदनिकेची विक्री लांबल्यामुळे २६ महिन्यांनी ते ५ लाखांचा धनादेश घेऊन आले. पहिले वर्ष सोडून उरलेल्या १४ महिन्यांचे ६ टक्क्यांनी सरळव्याज ३५,००० रुपये होते, असे आम्ही सांगितले. "मावशीने पाच लाखच लिहिले आहेत. तुम्ही आता सावकारी करता काय?" असे ते म्हणाले.

त्यांचा संताप आम्हांस समजला. हे व्याज उरलेल्या मालमत्तेतून, म्हणजे त्यांच्याच वाट्यातून जाणार होते. परंतु हा दंड नव्हता. पहिल्या वर्षाचे व्याज मालमत्तेकडेच राहिले होते, त्यावर आमचा दावा नव्हता. त्यानंतर मात्र ती रक्कम डायलिसिसच्या रुग्णांसाठी वापरता आली असती. विलंब कोणाच्या दोषाने झाला, याची अट कलमात नाही. हे पैसे आमचे नसून रुग्णांचे असल्यामुळे केवळ संकोचापोटी ते सोडून देणे विश्वस्तांना योग्य वाटले नाही.

चूक आमचीही होती. वर्ष संपले तेव्हा दुःखात असलेल्या घराकडे पैशांची आठवण कशी करावी, म्हणून आम्ही गप्प राहिलो. तेव्हाच एक साधे पत्र गेले असते, तर हा आकडा त्यांच्यासमोर अचानक आला नसता. तसे आम्ही त्यांना सांगितले. महिन्याभराने त्यांनी व्याजासह पूर्ण रक्कम भरली आणि ते ३५,००० रुपयेही डायलिसिस निधीतच जमा केले.

त्याच मृत्युपत्रात बँकेतील एक ठराविक मुदत ठेवही आम्हांस दिलेली होती. तिच्या व्याजावर एका शब्दाचाही वाद झाला नाही. जेव्हा नेमकी वस्तू वा ठेव नाव घेऊन दिली जाते, तेव्हा तिचे निव्वळ उत्पन्न निधनाच्या दिवसापासूनच ती मिळणाऱ्याचे असते, वर्षाची वाट पाहावी लागत नाही (कलम ३४९). "पाच लाख रुपये द्यावेत" आणि "अमुक बँकेतील अमुक क्रमांकाची ठेव द्यावी" या दोन वाक्यांत एवढे अंतर आहे. दुसऱ्या पद्धतीत धोकाही आहे, कारण ती ठेव हयातीतच मोडली गेली तर सामान्यतः ती देणगीही उरत नाही.

आता मृत्युपत्रातील देणगीची माहिती मिळताच आम्ही एक्झिक्युटरांना सांत्वनपर पत्रासोबत, वर्ष कोणत्या तारखेस पूर्ण होते हे लेखी कळवितो. मृत्युपत्र करू इच्छिणाऱ्यांना विनंती, की रक्कम केव्हा द्यावी आणि विलंब झाल्यास व्याज द्यावे की देऊ नये, हे आपल्या वकिलांच्या सल्ल्याने त्यातच नमूद करावे. व्याज नको असे लिहिलेले असल्यास आम्ही ते मागणार नाही.