पाळण्यांच्या गावात विसावा

जत्रेला गेलेले पोर आणि जत्रेला गेलेली आजी, या दोघांकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? पोराला सगळे हवे असते. पाळणा झाला की चक्री, चक्री झाली की आरसेमहाल, मग पिपाणी, मग भजी. दिवस मावळता ते बापाच्या खांद्यावर मान टाकून झोपलेले असते आणि पिपाणी कुठे पडली याचा पत्ता नसतो. आजी दर्शन घेते, फिरता पाळणा दुरून बघते, वडाखाली घटकाभर टेकते, माहेरकडच्या दोन बायका भेटतात त्यांच्याशी बोलते. आणि परतताना तिच्याजवळ सांगायला चार गोष्टी असतात. आजी काही उपजत शहाणी नव्हे. तिने चाळीस जत्रा पाहिल्या आहेत, एवढेच.

आज अशाच एका जत्रेविषयी बोलायचे आहे. ती आपल्या गावची नाही, अमेरिकेतली आहे. पण तिथेही पोरासारखे धावणारे आणि आजीसारखे टेकणारे असे दोन प्रकारचे लोक दिसतात. आणि गंमत अशी की, आज टेकणारे जे आहेत, ते बहुतेक सगळे कधीकाळी धावणारेच होते.

थीम पार्क हा शब्द तुमच्या कानांवर आला असेल. एखादी कथा किंवा कल्पना धरून उभारलेले करमणुकीचे गावच म्हणा ना. त्यात पाळणे असतात, बोटी असतात, अंधाऱ्या डोंगरातून सुसाट धावणाऱ्या गाड्या असतात, राजवाडे असतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी वॉल्ट डिस्ने यांनी डिस्नेलँड उघडले. पुढे १९७१ च्या ऑक्टोबरात फ्लोरिडा राज्यात ओरलँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले. हे दुसरे तर इतके मोठे की, त्याची जागा सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे आणि तिच्यात एक सोडून चार थीम पार्क आहेत. त्यांपैकी मॅजिक किंगडम या एकाच पार्कात हल्ली वर्षाकाठी दीड कोटीहून अधिक माणसे येतात, असा अंदाज आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्हांला याचे काय? तर आपल्याकडच्या कित्येक घरांतली मुले-मुली आज अमेरिकेत नोकरीला आहेत. आई-वडील काही महिन्यांसाठी तिकडे जातात, नातवंडांना सुट्टी लागते आणि फ्लोरिडाची सहल ठरते. शिवाय आपल्या इथेही खोपोलीजवळ २०१३ साली असे एक पार्क सुरू झाले आणि शाळांच्या सहली तिथे जाऊ लागल्या. तेव्हा प्रश्न अगदीच परका नाही.

पहिल्यांदा गेलेल्या कुटुंबाचा दिवस कसा जातो, पाहा. पहाटे उठायचे, दार उघडण्याआधी उभे राहायचे, दार उघडताच चालू लागायचे. खरे तर पळूच लागायचे! बापाच्या हातात फोन, त्यात कुठल्या पाळण्याला किती मिनिटांची रांग आहे याचे आकडे. आईच्या खांद्यावर पिशवी, कडेवर लहान मूल. आजोबा मागे राहिलेले. दुपारी दोनला सगळ्यांत धाकटे रडू लागते, मोठे रुसते, नवरा-बायकोत शब्दाला शब्द लागतो. हौसेने, पैसा साठवून आणि रजा मागून केलेली ही सहल. तिला सुगीतल्या मजुरीची कळा का यावी?

याचे पहिले कारण तिकिटात आहे. डिस्नेलँड उघडले तेव्हा आत जाण्याचे पैसे वेगळे आणि प्रत्येक पाळण्याचे वेगळे असत. काही महिन्यांतच तिकिटांची पुस्तके निघाली. सुरुवातीला त्यांत ए, बी, सी अशा पायऱ्यांची तिकिटे होती. १९५९ साली सर्वांत मोठ्या आकर्षणांसाठी ई तिकीट आले. पुस्तकातली तिकिटे मोजकीच. मोठ्या राइडची संपली की लहानांची उरत. मग माणूस घोडागाडीत बसे, नाहीतर नुसता हिंडे. १९८२ साली ही पुस्तके बंद झाली. एकदाच पैसे भरा आणि आत वाटेल तितके हिंडा, अशी पद्धत आली. सोय झाली खरी, पण माणसाचे मन पालटले. खानावळीत ताट मोजून मिळते तेव्हा आपण चवीने जेवतो. आणि 'पोटभर थाळी' अशी पाटी दिसली की भूक संपल्यावरही एक पोळी जास्त घेतो. तसेच हे. पाळणा सुटला की पैसे सुटले, असे वाटू लागते.

आता जरा हिशेब करू. शिक्षक मंडळींनी तो वर्गात फळ्यावर घालायला हरकत नाही. तिथल्या अनेक नामांकित राइड जेमतेम तीन मिनिटांच्या असतात. समजा, गर्दीच्या दिवशी प्रत्येकीला एक तास रांग आहे आणि आपण आठ राइड केल्या. म्हणजे रांग आठ तास आणि राइड चोवीस मिनिटे! ज्याला आपण वसुली म्हणतो, ती ही.

रांग चुकवण्याच्या युक्त्याही निघाल्या. १९९९ पासून ठरावीक वेळेची चिठ्ठी फुकट मिळू लागली. ती दाखवली की छोट्या रांगेतून आत. २०२१ पासून फ्लोरिडात ही सोय जादा पैसे घेऊन, फोनवरून देण्यात येऊ लागली. रांगेतला वेळ वाचला, पण तो फोनकडे बघण्यात जाऊ लागला. सकाळी अकराला इथे, सव्वाबाराला तिथे, असे वेळापत्रक हातात घेऊन माणसे फिरू लागली. ऑफिसातून सुटून आलेल्या माणसाने सुट्टीतही घड्याळाचीच चाकरी करावी, असे झाले.

दुसरे कारण आपल्या मनात आहे, आणि ते अधिक खरे आहे. 'पुन्हा कधी येणार?' हा विचार पाय थांबू देत नाही. एवढा लांबचा प्रवास, एवढा खर्च. आजोबांचे वय झाले, मुले मोठी होतील. त्या विचारात चूक काही नाही. पण त्यावरचा उपाय आपण उलटा करतो. पुन्हा येणे नाही म्हणून सगळे बघायचे ठरवतो, आणि धावता धावता बरोबर आलेली माणसेच बघायची राहतात.

वर्षानुवर्षे तिथे जाणारी मंडळी काय करतात ते आता सांगतो. त्यांच्या रीती साध्या आहेत.

पहिली रीत म्हणजे दुपार सोडून देणे. फ्लोरिडाचा उन्हाळा दमट असतो. ऊन डोक्यावर येते आणि दुपारनंतर पुष्कळदा ढग भरून विजांसह सर कोसळते. जाणती माणसे सकाळी लवकर जातात, गर्दी वाढायच्या आत आवडीच्या दोन-तीन गोष्टी करतात, आणि भर दुपारी मुक्कामावर परत येतात. जेवतात, मुलांना झोपवतात, पोहतात, आणि उन्हे कलली की पुन्हा निघतात. लांबचा मुक्काम असेल तर मध्ये एक अख्खा दिवस कुठल्याच पार्कात जात नाहीत. पालखीबरोबर चालणाऱ्या वारकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. वाटेतला विसावा हा वारीचाच भाग असतो. त्याने वारी कमी होत नाही.

दुसरी रीत म्हणजे काय सोडायचे ते घरीच ठरवणे. आदल्या रात्री प्रत्येकाने आपली एकच गोष्ट सांगायची. नातवाला डोंगरातली गाडी हवी, नातीला राजवाडा बघायचा आहे, आजीला नुसती फुलझाडे बघायची आहेत. एवढे झाले की दिवस पुरा झाला. त्यावर जे मिळेल ते पदरात पडलेले जास्तीचे.

तिसरी रीत म्हणजे सगळ्यांनी सगळीकडे गेलेच पाहिजे हा हट्ट सोडणे. ज्यांना जोराच्या गाडीत बसायचे आहे त्यांनी बसावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सावलीत बाकावर बसावे. मात्र जागा आणि वेळ नक्की ठरवून, पाण्याची बाटली जवळ ठेवून. मूल फार लहान असेल तर आई-वडिलांनी पाळीपाळीने राइड करावी. अशी सोय तिथे असते आणि दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. आजोबांना बाकावर बसवले म्हणजे त्यांची सहल बुडाली असे नव्हे. कधी कधी त्यांचीच चांगली होते.

चौथी रीत थांबण्याविषयी आहे. डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकांनी १९८५ साली रांगेच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. त्यातले सार आपल्या रोजच्या अनुभवातले आहे. रिकामे थांबणे लांब वाटते, काहीतरी करत थांबणे आखूड वाटते. किती थांबायचे ते ठाऊक नसले की जीव जास्त कंटाळतो. पार्कवाल्यांनीही हे ओळखले. उडत्या हत्तीचा एक पाळणा लहान मुलांत फार आवडता. २०१२ साली फ्लोरिडात त्याच्या रांगेच्या जागी सावलीत खेळायला मांडव केला, आणि पाळी आली की वाजेल असे एक लहानसे यंत्र पालकांच्या हातात दिले. मुले खेळत राहिली आणि थांबण्याचे थांबणेपणच गेले. जुने जाणते हीच युक्ती कुठल्याही रांगेत करतात. भेंड्या लावतात, गोष्ट सांगतात. ज्या आजोबांशी एरवी फोनवर पाच मिनिटे बोलणे होते, त्यांच्याबरोबर इथे तासभर उभे राहायला मिळते. मग तो तास फुकट गेला असे कसे म्हणावे?

पाचवी रीत म्हणजे संथ जागा शोधणे. मॅजिक किंगडममध्ये १९७५ पासूनची पीपलमूव्हर नावाची उंचावरून फिरणारी गाडी आहे. ती ना उसळी घेते, ना गरकन वळते. सुमारे दहा मिनिटे वाऱ्यावर सगळे गाव दाखवून आणते. जाणत्या लोकांचा तिच्यावर भारी जीव. एपकॉट या पार्कात तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत. तो फेरा दोन किलोमीटरांच्या आसपास भरतो, आणि कुठलाही पाळणा न घेता त्यात एक संध्याकाळ जाते. ॲनिमल किंगडममध्ये आपल्या भारताची आठवण देणारी महाराजा जंगल ट्रेक नावाची पायवाट आहे. पडक्या राजवाड्याच्या भिंती आणि पलीकडे वाघ. वाघ झोपलेला असला की घाईची मंडळी दोन मिनिटांत पुढे जातात. जो थांबतो त्याला तो उठलेला दिसण्याची आशा. वाघ काही पाळण्यासारखा दर तीन मिनिटांनी सुरू होत नाही!

पण या संथ जागा कायम राहतील असे नाही, हेही सांगितले पाहिजे. मॅजिक किंगडममध्ये एक नदी होती, तिच्यात चाकाची मोठी बोट फिरे आणि मध्ये एक बेट होते. मुले तिथे नुसती हुंदडत. नव्या मोटारींच्या राइडसाठी जागा करायची म्हणून २०२५ च्या जुलैत नदी, बोट आणि बेट ही तिन्ही बंद झाली. नेहमी येणाऱ्या कित्येकांना हळहळ वाटली. तिथे काठावर बसण्यावाचून फारसे काही करायचे नव्हते, आणि नेमके तेच त्यांना हवे होते.

या सगळ्या पसाऱ्याचा उगमही एका बाकावर झाला. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन लहान मुलींना सुट्टीच्या दिवशी फिरायला नेत. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये लाकडी घोड्यांचे एक चक्र आहे. मुली घोड्यावर बसत आणि बाप बाकावर शेंगदाणे खात त्यांच्याकडे बघत बसे. आई-बाप आणि मुले मिळून रमतील अशी एखादी जागा का असू नये, असे तिथे मनात आले, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. पुढे मोठमोठे डोंगर उभे राहिले. पण मुळात हवे होते ते एवढेच.

आता शिक्षक बंधू-भगिनींसाठी दोन शब्द. मीही पुष्कळ सहली नेल्या आहेत. एका दिवसात सात ठिकाणे दाखवली की पालक खूष आणि मुख्याध्यापकही खूष, असा माझा समज होता. एकदा परतताना आमची बस बंद पडली. दोन तास आम्ही रस्त्याकडेच्या चिंचेखाली बसून राहिलो. मुलांनी चिंचा पाडल्या, गाणी म्हटली, एका शेतकऱ्याने मोटर चालू करून पाणी पाजले. मी मात्र घड्याळाकडे बघून चरफडत होतो. दुसऱ्या दिवशी 'आमची सहल' हा निबंध दिला. सात ठिकाणांची नुसती नावे ओळीने लिहिली होती, आणि अर्धे पान चिंचेखालचे. एका मुलीने तर सर तिथे पहिल्यांदा खाली मातीत बसले, असे लिहिले होते. मी तपासताना तांबडी शाई तिथेच थांबवली.

त्या वर्षापासून आमच्या सहलीच्या कागदावर मी एक ओळ वाढवली: 'दुपारी १ ते ३, झाडाखाली.' दोन ठिकाणे कमी झाली. पहिल्या वर्षी एका पालकांनी विचारले, त्याच पैशांत कमी का दाखवता? तेव्हा मला चटकन उत्तर सुचले नाही. आज ते विचारतील तर मी त्यांच्या मुलाची वही उघडून त्यांच्या हातात देईन.

तेव्हा श्रोते हो, सहल फ्लोरिडाची असो की तालुक्याच्या जत्रेची, निघण्याच्या आदल्या रात्री यादी करा, आणि तिच्यातल्या दोन गोष्टींवर काट मारा. त्या जागी कोणी कुणाजवळ बसायचे ते लिहा.